आधी झोळी भिजव

“आधी झोळी भिजव, मग स्वतःचे हात. कोरड्या हाताने माशाला शिवायचं नाही.”

मला शिवणारे म्हातारे आपल्या सुनेला असं बजावायचे. मित्रांनो, मी एक जुनी झोळी आहे. तळ्यातले मोठे मासे मोजून परत सोडण्यासाठी शिवलेली. माझं कापड मऊ, कडेने मोजपट्टी टाचलेली. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तेच त्याचं चिलखत. कोरड्या हाताने ते निघालं की रोगाला दार उघडंच. म्हणून मी पाण्यात उतरून मासा कवेत घ्यायची. गळ टाकणारे हौशी लोक म्हणायचे, “पाळणाच की हा.” तेव्हा मला ताठा चढायचा, खोटं का बोलू?

म्हातारे देवाघरी गेले. त्यांच्या धाकट्या मुलाने हूकवाला वजनकाटा आणला आणि मी शेडमधल्या खिळ्याला लागले. धुळीने माझ्यात बिऱ्हाड केलं. करू दे. मी काही फाटले नव्हते.

परवा एका पाहुण्याच्या गळाला अंड्यांनी पोट तटतटलेली भलीमोठी मादी लागली. धाकटे काटा घेऊन काठाशी धावले.

“वहिनी, जबड्यात हूक अडकवू, वजन करू, एक फोटो काढू. असा मासा या तळ्यात आजवर निघाला नाही.”

सुनेने मला खिळ्यावरून काढलं. “तुम्हांला जबड्याने टांगलं तर फोटोत हसाल का, भाऊजी?”

“ती झोळी? तिची पट्टी ताणलीय. माप कोण मानणार?”

“नका मानू. हिच्या पोटात पुढची पिढी आहे.”

ताणलीय तर ताणलीय, मित्रांनो. माप बोटभर चुकलं तरी चालेल, जीव जाता कामा नये. सुनेने मला धुऊन चिंब भिजवलं आणि पाण्यातच मादीच्या पोटाखाली सरकवलं. गळ अलगद निघाला, माप झालं. पाहुण्याने वाकून पाण्यातलाच फोटो घेतला.

पण मादी दमली होती. ती एका कुशीवर कलंडली.

“संपली ती,” धाकटे पुटपुटले. “सोड आता, वहिनी. जेवायला चल.”

“तुम्ही वाढून घ्या. ती आपली आपण पोहेपर्यंत मी हात काढणार नाही.”

मित्रांनो, जे परत करायचं, ते उसन्या वस्तूसारखं जपून धरा. हे सांगायला मला कुणाची परवानगी नको.

सुनेने बाह्या वर सारल्या. एक हात शेपटीशी, एक पोटाखाली धरून ती खोल पाण्याकडे चालू लागली.