जास्तीची खुंटी

पैज मीच लावली. आमच्या बिल्डिंगमध्ये पैजा मीच लावतो, बाकीचे नुसते हरतात.

समोरच्या दारातला घड्याळजी पिशव्या भरून कॉम्प्युटरचे सुटे भाग घेऊन जिना चढत होता. बघूनच माझी जीभ वळवळली.

"काय रे, कॉम्प्युटर किलोवर मिळायला लागला?"

"जुळवणार आहे. रविवारपर्यंत चालू करून दाखवतो."

"तू? तुझी दुरुस्त केलेली घड्याळं बघून लोक अंदाजानं जेवायला बसतात."

"नाही झाला तर माझी अर्धी मिशी. खाली नळापाशी, सगळ्यांसमोर. झाला तर तुझी."

"लागली!"

आतून त्याच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, आवाज दिला, "भावजी, नका हो! मिशीखालचं तोंड दिसेल सगळ्यांना!"

जिन्यातले सगळे हसले, पण जरा उशिरानं. वाक्य समजायलाच वेळ लागला होता. शब्द ओल्या साबणासारखे निसटत होते वहिनींच्या तोंडातून.

वहिनींच्या नसा एकेक करून संपावर चालल्या होत्या. आधी पाय गेले, आता जीभ. आवाज जाणार, हे डॉक्टरनं तोंडावर सांगितलेलं. एकच उपाय होता. एक प्रोग्रॅम स्क्रीनवर वाक्यं दाखवतो, ती स्पष्ट वाचायची. त्यातून तो त्यांचाच आवाज बनवणार. मग त्यांनी टाइप करायचं आणि मशीन त्यांच्या आवाजात बोलणार. घरातल्या जुन्या लॅपटॉपला तो प्रोग्रॅम काही झेपला नाही.

"अरे, तयार आण ना विकत," मी म्हणालो होतो.

"तयार म्हणजे कुणीतरी घाईघाईत ठोकलेला. तिचा आवाज मी असल्या डब्यात नाही ठेवणार."

दोन दिवस डोळ्याला भिंग लावून बसला आणि जोडला त्यानं. बटण दाबलं. पंखे गरगर, दिवे लुकलुक, स्क्रीन काळी ठिक्कर.

"साबण आणू का रे?" मी मिशीवरून बोट फिरवलं.

त्यानं बघितलंही नाही. रॅम काढून खोडरबरानं घासून परत बसवली. काळी. स्क्रीनची वायर बदलली. काळी. पॉवर सप्लाय दुकानात तपासून आणला. दुकानातला म्हणाला, ठणठणीत आहे काका, नेऊन जोडा. नेला, जोडला. काळी.

मी येताजाता वहिनींना छेडायचो, किती उत्तर येतंय ते बघायला. आधी शिवी आणि वर टोमणा यायचा. मग नुसती शिवी. शनिवारी नुसता हात हलला. तेव्हापासून मला पैज हरायची घाई झाली. असं माझं कधी झालं नव्हतं.

रविवारी सकाळी दुकानातल्यानं फोनवर सांगितलं, "काका, सगळं डब्यातून बाहेर काढा. टेबलावर पुठ्ठा टाका, त्यावर मांडून लावून बघा."

मांडलं. बटण दाबलं. स्क्रीन लख्ख!

परत डब्यात बसवलं. काळी.

"डबाच घात करतोय रे," मी म्हणालो.

घड्याळजीनं मदरबोर्ड उलटा केला, भिंग लावलं. मागच्या बाजूला बारीकसा ओरखडा होता. बरोबर त्याच जागी डब्यात एक पितळी खुंटी उभी. बोर्ड टेकवायला असतात ना, तसली. डब्याला भोकं सगळ्या मापांच्या बोर्डांची असतात. आपल्या बोर्डाला जिथं भोक, तिथंच खुंटी लावायची. यानं पुडीतल्या सगळ्या लावल्या होत्या, भोक दिसेल तिथं. घड्याळ जुळवताना टेबलावर एक स्क्रू उरला तर बाप टपली मारायचा याला. ते अंगात भिनलेलं. ती एक जास्तीची खुंटी बोर्डाच्या उघड्या तारांना चिकटून सगळंच बंद पाडत होती.

काढली. डबा चालू.

वहिनींना खुर्चीसकट पुढे घेतलं, माइक लावला. स्क्रीनवर वाक्य आलं: 'आज आकाश स्वच्छ आहे.' वहिनींनी वाचलं. मशीन म्हणालं, पुन्हा वाचा. त्यांनी मान ताठ करून वाचलं. पुन्हा वाचा. गळ्याच्या शिरा फुगल्या. पुन्हा वाचा. मग त्यांनीच हातानं माइक बाजूला सारला.

घड्याळजी मुठीत खुंटी धरून उभा.

"तयार आणला असता तर," तो म्हणाला, "गेल्या सोमवारीच वाचायला बसली असती ती."

मी मिशी चाचपली.

"राहू दे तुझी मिशी," तो म्हणाला.

वहिनींनी खुर्चीच्या दांड्यावर हात आपटला. बोट खाली, अंगणातल्या नळाकडं.

संध्याकाळी नळापाशी अख्खी बिल्डिंग जमली. मी स्टुलावर बसलो, तोंडाला फेस फासला, हातात वस्तरा घेतला. वर खिडकीत वहिनी होत्या, मांडीवर कीबोर्ड, शेजारी स्पीकर. घड्याळजी मागं उभा. त्या एका बोटानं टाइप करत होत्या. आम्ही वर बघत थांबलो.

"भावजी. जरा जपून. चेहरा आधीच बिघडलेला आहे."

वाक्य अस्सल वहिनींचं. आवाज मशीनमधल्या कुणा परक्या बाईचा, स्टेशनवर गाडी उशिरा येणार आहे हे सांगणारीचा असतो तसा. कुणीतरी सवयीनं हसायला लागला आणि मध्येच थांबला. घड्याळजीनं भिंतीकडं तोंड केलं.

मी मोठ्यांदा हसलो. एकटाच.

"बोला वहिनी, बोला," म्हटलं, आणि डाव्या बाजूवरून वस्तरा ओढला.

वर पुन्हा टकटक सुरू झाली. पुढचं अक्षर सापडेपर्यंत अख्खं अंगण गप्प उभं राहिलं.