बद्द

गेणूने फळीवर बोटाच्या पेराने ठोकले आणि बाजूला थुंकला.

"बद्द. तिरडीला ने."

मागे उभ्या मंगलने काहीतरी म्हटले. त्याने उत्तर दिले नाही. मढ गावाच्या धरणकाठावर होड्या बांधणारा तो एकटाच, आणि त्याचा नियम गावाला पाठ होता: बोलायचे तर समोर येऊन, पाठीमागून बोलणे म्हणजे चहाडी. ती पुढे आली.

"सागवान हाये, मामा. धरणाचं पाणी चढायच्या आदी यांनी घराची तुळई काढली. नारायणगावला कापून आणलीया."

"तुज्या नवऱ्याला सागवान कळतं? बायकू तरी पारखून आणली का त्यानं? त्या कुशाबाचा आंबा बद्द, सावळेरामचा ऐन बद्द. जशी माणसं तशी लाकडं."

या तिरस्कारापायी गेल्या पावसाळ्यापासून काठावर एकही होडी उभी राहिली नव्हती. शाळा पलीकडच्या तीरावर. मंगलची मुलगी इंद्रायणी जुन्या होडीतून डब्याच्या झाकणाने पाणी उपसत जाई. परवा ते पोरीच्या गुडघ्यापर्यंत चढले होते.

"परत वाजवा की."

त्याने तुच्छतेने ठोकले. फळी खणखणली, इतका कोरडा, निर्मळ नाद, की पाण्याकडेचा बगळा दचकून उडाला.

"ऐक," गेणू म्हणाला, "बद्द."

मंगल बगळा उडून रिकाम्या झालेल्या काठाकडे पाहत राहिली. मग सावकाश त्याच्या पाठीमागे गेली.

"म्हाताऱ्या, तुलाच न्यावं का तिरडीवर?"

गेणू रंध्याची धार अंगठ्याने चाचपीत राहिला.

तिला हसू आले. त्यात दया नव्हती. हाकेच्या अंतरावर कुशाबा जाळे सांधत बसला होता. एक हाक, आणि दिवेलागणीपर्यंत साऱ्या मढने या हिणवणाऱ्या तोंडात शेण घातले असते.

तिने हाक मारली नाही. समोर येऊन तिने त्याचे मनगट धरले, तळवा फळीच्या टोकावर दाबला, आणि दुसऱ्या टोकावर स्वतः ठोकले. पुन्हा ठोकले. लाकडाचा कंप त्याच्या तळव्यापर्यंत पोचला.

तिने मनगट सोडले तरी तळवा तिथेच राहिला. गेणूने कुशाबाकडे पाहिले, मग तिच्या तोंडाकडे.

"काय म्हनता, मामा?" एकेक शब्द ओठांवर ठेवीत तिने विचारले.

तो बाजूला थुंकला.

"खिळं तरी धड आणलंस का? का तेबी तुज्या नवऱ्यानंच पारखल्यात?"