डाळिंबाची काठी आणि चार गुरुवार

मित्रांनो, मी डाळिंबाच्या फांदीची एक जुनी काठी आहे आणि माझ्या अंगाला मुलांचे रक्त लागलेले आहे. तेव्हा गोड गोड बोलून सुरुवात करणे मला जमणार नाही.

मनफलूत गावच्या बागेत नाईलच्या पाण्यावर मी वाढले. एका हिवाळ्यात उस्ताज खलफल्ला यांनी कोयत्याच्या एका घावात मला झाडापासून तोडले. माझी साल सोलली, विस्तवावर धरून मला सरळ केले आणि तेल पाजले. उस्ताज म्हणजे आमच्याकडचे गुरुजी; ते गावच्या शाळेत अरबी शिकवत. डाळिंबाची काठी सहसा मोडत नाही आणि हाताला कडकडून चावते, म्हणून आमच्याकडचे जुने मास्तर आम्हालाच निवडत.

तीस वर्षे मी काम केले. क्रियापद चुकले की दोन, पाठ आला नाही तर चार, उलट बोलले तर तळपायांवर दहा. मी हवेत उठले की वर्ग चिडीचूप होई. नखे काळीनिळी होत, कातडी फाटे. बाप लोक शाळेच्या दारात येऊन सांगत, "उस्ताज, पोरगं तुमच्या हवाली. रडलं तरी थांबू नका." खोटे कशाला बोलू, मला माझा गर्व होता.

मग इन्साफ बाई मुख्याध्यापिका होऊन आल्या. त्या याच शाळेत शिकलेल्या. त्यांचा तळहात मी चांगला ओळखत होते.

शिक्षकांची सभा म्हणजे तेव्हा नुसती मारामारी असे. सगळे एकदम ओरडत. एकदा पाचवीचा वर्ग कुणी बिघडवला यावरून दोन मास्तरांची जुंपली, चहाचा पेला भिंतीवर फुटला आणि काच तिसऱ्याच्याच भुवईत घुसली. दुसऱ्या दिवशी इन्साफ बाईंनी मला उस्ताजांच्या फडताळातून उचलून सभेच्या मेजावर ठेवले.

"दर गुरुवारी शाळा सुटली की बसायचं," त्या म्हणाल्या. "कुठलं मूल मागे पडतंय आणि का, एवढंच बोलायचं. ज्याच्या हातात ही काठी, तो बोलेल. बाकीच्यांनी ऐकायचं. निदान तेवढा वेळ तरी ही कुणाच्या अंगावर पडणार नाही."

मला हे काम आवडले. पण बाईंच्या हातून एक चूक झाली, आणि ती आमच्याच गावात होऊ शकते. त्यांनी मान म्हणून मला पहिल्यांदा सर्वांत वडीलधाऱ्या माणसाच्या, म्हणजे उस्ताज खलफल्लांच्या हातात दिले. आमच्याकडे वयाने मोठ्या माणसाच्या हातातली काठी काढून घेणे म्हणजे त्याला चारचौघांत माणसांतून उठवणे. एवढ्यावरून दोन घराण्यांत मुडदे पडलेले आहेत. त्यामुळे उस्ताज बोलत राहिले आणि सगळे ऐकत राहिले. मला मागायला कोण हात पुढे करणार? इन्साफ बाईंनाही ते धाडस होईना.

त्या दिवशी चर्चा बदवी नावाच्या मुलाची होती. बदवी चौथीत होता. त्याला हाक मारली तर ओ देत नसे, विचारले तर भलतेच उत्तर देई. बहुतेक तासांना तो मार खाई. त्याचे नाव काढून टाकावे का, हे सभेत ठरायचे होते.

मेजाच्या टोकाला तहानी बाई बसल्या होत्या. त्या गणित शिकवत. नोकरीचे पहिलेच वर्ष आणि वयाने सगळ्यांत लहान. त्यांच्या मांडीवर एक वही होती आणि त्या सारख्या माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना काहीतरी माहीत आहे, हे मला कळत होते.

उस्ताज म्हणाले, "पोरगं हट्टी आहे. याच्या बापालाही मीच सरळ केला होता." मग त्यांनी बापाची गोष्ट सांगितली, मग आजोबाची. वेळ संपली.

दुसऱ्या गुरुवारी तेच झाले, तिसऱ्या गुरुवारीही तेच. चौथ्या गुरुवारी उस्ताजांचा आवाज घोगरा झाला होता, तरी ते थांबले नाहीत. तहानी बाई एकदा खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि परत बसल्या. उस्ताज शेवटी म्हणाले, "रविवारी मी त्याला बघतो."

आमच्याकडे सुट्टी शुक्रवार-शनिवारची; ती संपून रविवारी शाळा भरली, तेव्हा बदवी बाकावर वाकून लिहीत होता. उस्ताज मला घेऊन त्याच्या डाव्या बाजूला उभे राहिले.

"हात पुढे कर."

तो लिहीतच राहिला.

"हात पुढे कर म्हणतो ना? बहिरा आहेस का रे?"

तिसऱ्यांदा त्यांनी सांगितले नाही. मी खांद्याच्या रोखाने खाली आले. ऐन वेळी बदवीला सावली दिसली, त्याने वळून हात वर केला आणि मी त्याच्या मनगटावर बसले. हाड मोडल्याचा आवाज सगळ्या वर्गाने ऐकला. त्याचा चेहरा पांढरा पडला. तो रडलासुद्धा नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिला. मित्रांनो, माझा गर्व तिथे संपला.

दुपारी बदवीचे तीन चुलते जाड सोटे घेऊन अंगणात शिरले.

"कुठाय तो म्हातारा? बाहेर ये म्हणावं, आम्हालाही शिकव जरा."

उस्ताज मला घेऊन बाहेर आले. भित्रे ते नव्हते. पहिला सोटा मी अडवला आणि टोकापासून मुठीपर्यंत चिरले गेले. दुसरा त्यांच्या डोक्यावर बसला. रक्त डोळ्यांत उतरले, ते गुडघ्यांवर आले, तरी लाथा चालूच राहिल्या. अडवायला गेलेल्या शिपायाचे दोन दात पडले. शेवटी गावची म्हातारी माणसे मधे पडली. चुलते जाताना म्हणाले, "हाताचा बदला डोक्यानं फिटला. पण पोरगं आता शाळेत येणार नाही. वीटभट्टीवर जाईल."

पुढच्या गुरुवारी उस्ताज डोक्याला पट्टी बांधून सभेला आले. त्यांनी मला तारेने बांधले होते. ते बसले नाहीत. मेजाच्या टोकापर्यंत चालत गेले आणि त्यांनी आपल्या हाताने मला तहानी बाईंसमोर धरले.

"मला आज काही बोलायचं नाही. तू घे, पोरी."

तहानी बाईंनी मला दोन्ही हातांनी धरले. त्यांचे बोलणे पेलाभर चहा निवायच्या आत संपले.

"बदवीला डाव्या कानानं ऐकू येत नाही. त्याचा उजवा कान मास्तरांकडे राहील असं बसवा. माझ्या तासाला मी तसंच बसवते, त्याची गणितं बरोबर येतात." त्यांनी वही उघडून दाखवली.

उस्ताजांनी वहीची पाने उलटून पाहिली. मग त्यांनी विचारले, "तुला हे कधीपासून ठाऊक आहे?"

"पहिल्या गुरुवारच्या आधीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"काठी तुमच्या हातात होती, उस्ताज."

उस्ताज खुर्चीत बसले. "मला वाटलं, कुणाला काही बोलायचंच नाही," ते म्हणाले. "म्हणून मीच बोलत राहिलो. घसा बसला माझा." आणि तो एवढा करारी माणूस सगळ्यांसमोर रडला.

मग ते उठले आणि मला तिथेच सोडून, रिकाम्या हाताने, ज्यांनी त्यांचे डोके फोडले त्यांच्या दारात गेले. काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. रविवारी बदवी शाळेत आला. त्याला पहिल्या बाकावर, डावा कान खिडकीकडे आणि उजवा मास्तरांकडे येईल असे बसवले.

तेव्हापासून मी कुणाला मारलेले नाही. आता सभेत मला सर्वांत लहान शिक्षकाच्या हातात देतात, आणि मी एकेकाकडून मोठ्यांकडे जाते. उस्ताजांची पाळी शेवटी येते. तोवर त्यांच्याकडे बोलायला फारसे उरत नाही, आणि त्याचे त्यांना वाईट वाटत नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्याही हातात कधीतरी काठी येईल. तेव्हा सर्वांत लहान माणूस आपणहून ती मागेल म्हणून वाट पाहू नका. उठा, त्याच्यापर्यंत चालत जा आणि ती त्याच्या हातात द्या. आमच्याकडे हे पाचव्या गुरुवारी झाले. थंडी पडली की बदवीचे मनगट अजून दुखते.