बाहेरचे कुलूप

"हा शब्द काढ," ताई म्हणाली.

तो तिच्याकडे बघतच राहिला. सगळा आटापिटा केला तो त्या एका शब्दासाठी, आणि हिचे हे!

चरित्रकोशाच्या कचेरीत त्याला सगळे 'कात्री' म्हणत. कुणी राजाला 'प्रजावत्सल' लिहिले की चालव कात्री. कुणी दरोडेखोराला 'अधम' म्हटले की चालव कात्री. घडले ते लिहा, बरेवाईट वाचणारा ठरवेल, हे त्याचे पालुपद. घरीही तीच तऱ्हा. ताईने हौसेने विचारावे, "भाजी कशी झालीय रे?" याने सांगावे, "शिजलीय. मीठ आहे."

"अरे, पण चांगली की वाईट?"

"ते ज्याचं त्यानं ठरवावं."

"मग खातंय कोण, शेजारी?" म्हणून ताई कपाळाला हात लावी.

असल्या माणसाने आज जन्मात पहिल्यांदा एक विशेषण कागदावर ठेवले होते. नोंद रंगाच्या कारखान्याच्या मालकाची. त्याने पुढे दवाखाने बांधले, शाळा काढल्या, म्हणून कोशात जागा मिळाली. पण त्याच्या कारखान्याला आग लागली तेव्हा आत अडकलेल्यांत ताईचे यजमान होते. कामगार मधेच बाहेर जाऊ नयेत म्हणून दाराला बाहेरून कुलूप घालायचा हुकूम मालकाचाच. कोर्टातून मात्र तो सहीसलामत सुटला. ताई भावाकडे राहायला आली. पण त्या माणसाला तिने कधी साधी शिवीसुद्धा दिली नाही. तिचे ते गप्प राहणे भावाला फार लागे. म्हणून त्याने नोंदीत 'निर्दय' लिहिले आणि छापायला देण्याआधी कागद तिला दाखवायला आणला.

"का काढू? खोटा आहे का?"

"खरा आहे रे. पण छापलास की लोक म्हणतील, मेलेल्याच्या मेहुण्यानं लिहिलंय, त्याचं काय ऐकायचं! मग कुलूपसुद्धा खोटं ठरेल. मला कुलूप हवंय."

"आणि तुझं काय, ताई?"

"माझं मी बघेन. तू आपली कात्री चालव."

त्याने शब्द खोडला. त्याला मुळीच बरे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्य संपादकांनी कुलपावरच बोट ठेवले. "हे कशाला? दोष दिल्यासारखं वाटतं."

"चौकशीच्या अहवालात आहे, साहेब." कधी नव्हे तो त्याचा आवाज चढला. "यात एक विशेषण दाखवा, अख्खं वाक्य काढतो."

साहेबांनी चष्मा लावून वाक्य पुन्हा पुन्हा वाचले. शेवटी कागदावर सही केली.

खंड छापून आला त्या दिवशी ताईने स्वयंपाक अर्धवट टाकला, हात पुसले आणि मोठ्याने वाचायला घेतले. 'त्यांच्या आदेशावरून दाराला बाहेरून कुलूप लावलेले होते, असे चौकशीत आढळले. आत अडकलेले सर्व कामगार मरण पावले.'

ती थांबली. परत वाचले.

"निर्दय मेला!" ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि मग पोटभर रडली. भाऊ नुसता शेजारी बसून राहिला.

रडून झाल्यावर तिने तोंड धुतले आणि त्याचे ताट वाढले. त्याने घास घेतला.

"भाजी छान झालीय, ताई."

ती चमकली. स्वतः एक घास खाऊन बघितला. "खोटारड्या! मीठ घालायचं विसरलेय मी."

"असू दे," तो म्हणाला, आणि त्याने आणखी वाढून घेतली.