हाताने बदलू नये

सर्व्हरवर पुन्हा लाल उमटलं, म्हणजे तिचा प्रोग्रॅम तिथे पुन्हा अडकला होता.

बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यानंतरचं तिचं हे पहिलं काम. नवजात बाळांच्या दवाखान्यासाठी प्रोग्रॅम बनत होता. काट्यावर बाळ ठेवलं की वजन नोंदलं जावं आणि त्यावरून औषधाचा डोस निघावा. यातला बराचसा कोड कुणी लिहायचाच नव्हता. कोणती माहिती कशी ठेवायची याचा छोटा आराखडा द्यायचा, की जनरेटर नावाचा प्रोग्रॅम कोडच्या फायलीच्या फायली लिहून टाकायचा. मग बिल्ड टूलने, म्हणजे सगळे तुकडे जुळवणाऱ्या प्रोग्रॅमने, त्या उचलून बाकीच्या कोडबरोबर कम्पाइल करायच्या, मशीनला चालवता येतील अशा करायच्या. टूलला हे शिकवायचं, बस. सांगायला एवढंसं, पण सकाळपासून डोक्याचं भुस्कट पडलं होतं. तिच्या मशीनवर सगळं सुरळीत, आणि सर्व्हर म्हणत होता, या फायली मला दिसतच नाहीत.

"काय म्हणतंय?" टीमचा प्रमुख मागे येऊन उभा राहिला. त्याला सगळे मुकादम म्हणत, तोंडावरसुद्धा.

"माझ्याकडे चालतंय हो."

"मग तुझं मशीनच नेऊन ठेवू या का दवाखान्यात?" तो हसला, मग आवाज उतरवून म्हणाला, "हे बघ, संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर मी हे दुसऱ्या कुणाला देतो. तू जरा हलकं काम घे. बाळ लहान आहे तुझं."

तो रागावला असता तर परवडलं असतं. या मायेनेच तिच्या तोंडचं पाणी पळालं. हलकं काम घेतलेली बाई पुन्हा जड कामाकडे आलेली तिने अजून पाहिली नव्हती.

टूलला दिलेला फोल्डरचा पत्ता तिने परत तपासला. बरोबर होता. तेवढ्यात फोन थरथरला. सासूबाई.

"अगं, दूध कुठंय? पिल्लू उठलंय, घर डोक्यावर घेतलंय त्यानं."

"फ्रिजमध्ये, आई. वरच्या कप्प्यात."

"तिथेच उभी आहे मी. कप्पा आहे, बाटली कुठंय?"

बाटली काल होती. आज निघायच्या घाईत दूध काढून ठेवायचंच राहिलं होतं.

"आई, राहिलंच हो माझ्याकडून..."

"बरं, रडू नकोस आता. पावडर कालवते. कप्प्याचा पत्ता मात्र पाठ आहे हो बाईला!"

फोन बंद झाला तरी कानात ते रडणं राहिलं. काल होती, काल होती, असं मनात घोकत ती स्क्रीनकडे बघत बसली. आणि एकदम ताठ झाली. मशीनवरच्या फायलीही कालच्याच की! टूलला तिने जागा दाखवली होती. आधी जनरेटर चालव, मग कम्पाइल कर, हे सांगितलंच नव्हतं. सर्व्हर दरवेळी कोऱ्या फोल्डरने सुरुवात करायचा. त्याच्याकडे कालचं कुठून असणार?

तिने तो क्रम लिहिला. खात्री करायला आपलाही फोल्डर जीव मुठीत धरून पुसून टाकला. फायली ताज्या तयार झाल्या. सर्व्हरवर हिरवं उमटलं.

"शाबास!" मुकादम लांबूनच ओरडला. "देतो पाठवून दवाखान्याला."

ती हसली. सहज ताजी फाईल उघडली. पहिलीच ओळ: जनरेटरने लिहिलेली फाईल, हाताने बदलू नये. हसू तिथेच विरलं.

कालची फाईल तिने बदलली होती. वजनाचा आकडा पूर्णांकात होता, तो तिने इथल्या इथे दशांशात केला होता. आराखड्यात नंतर करू म्हणून. ते नंतर आलंच नाही. आता ताज्या फायलीत पुन्हा पूर्णांक. साडेतीन किलोचं बाळ तीन किलोचं. कम्पायलरची काही तक्रार नव्हती. वर हिरवं दिसत होतं.

बोललं तर हलकं काम. गप्प बसलं तर... जन्मल्यावर पिल्लू दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं तेव्हा काट्यावरच्या एकेका ग्रॅमसाठी तिचा जीव कसा टांगणीला लागायचा, ते तिला आठवलं.

"थांबा! पाठवू नका!" आवाज इतका मोठा निघाला, की सगळ्या माना वळल्या.

तिने सांगून टाकलं. मुकादमाचा चेहरा उतरला.

"हाताने बदललं होतंस?"

"हो."

"आणि हिरवं झाल्यावर सांगतेस?"

"लाल होतं तोवर लक्षातच आलं नाही हो."

तो खुर्ची ओढून शेजारी बसला. तिने आराखड्यात तो एक शब्द बदलला, फोल्डर पुसला, सर्व्हरला पाठवलं. स्क्रीनवरचं चाक फिरू लागलं. फोन पुन्हा थरथरला. घरचाच असणार. तिने तो पालथा ठेवला.

हिरवं. तिने चाचणीसाठी साडेतीन वजन घातलं. वाचून पाहिलं. साडेतीनच.

मुकादम उठला. "उद्यापासून डोसचा भाग तू घे."

"हलका आहे का?"

"छे! घाम फोडेल," असं म्हणून तो गेला.

मग तिने फोन उलटून पाहिला. सासूबाईंचा निरोप होता: प्यायलं, झोपलं. उद्या बाटली भरून जा.

तिचा जीव भांड्यात पडला. तरी निघण्याआधी तिने ती फाईल पुन्हा एकदा उघडून पाहिलीच.