चार नंबरच्या कॉटवरची पिशवी

आमच्या हॉस्पिटलची नोंदणी नव्याने करायची होती, म्हणून तपासणीचे साहेब येणार होते. रुग्णांच्या हक्कांचा फलक तीन वर्षं स्टोअरमध्ये प्लास्टिकसकट पडून होता. हॉस्पिटलचे डॉक्टर चन्नवीर सरांनी तो त्या दिवशी सकाळी माझ्याकडून पुसून घेतला आणि बायकांच्या वॉर्डाबाहेर टांगला. "बुद्धप्रिया सिस्टर, सरळ दिसतोय ना?" त्यांना तेवढीच काळजी.

चार नंबरला सांगोल्याकडच्या बनाबाई होत्या. वय चाळीस, घरी मेंढरं. अंगावरून जास्त जातं म्हणून आल्या, तर सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल. ऑपरेशन उद्यावर आलं होतं. पिशवी काढायला सरांना फार कारण लागत नसे.

बनाबाईंची मुलगी सोनाली फलकावर बोट ठेवून वाचत उभी राहिली.

"सिस्टर, तपासणीचे कागद मागता येत्यात, दुसऱ्या डॉक्टरला दाखवता येतंय, असं लिवलंय. खरं हाय का?"

तिने कालच फाइल मागितली होती. फाइल हॉस्पिटलची असते, असं तिला सुनावलं होतं. सुनावणारी मीच. मला स्वतःचीच लाज वाटली.

"खरं आहे," मी म्हणाले. "साहेबांसमोरच माग."

साहेब आले. उपमा खाल्ला, दोन खाटांमधलं अंतर टेपने मोजलं, सरांना फलकाशेजारी उभं करून फोटो काढला. तेवढ्यात सोनाली पुढे झाली.

"साहेब, ह्या फलकातलं चौथं आमाला पायजे. आईचे कागद."

सर गोड हसले. "देऊ की. डिस्चार्ज झाल्यावर."

"तवा काय उपेग? काढलेली पिशवी परत बसवता का तुमी?"

साहेब फॉर्म चाळत म्हणाले, "आमच्याकडे फलक लावला आहे की नाही, एवढाच रकाना आहे."

"मग लावलाय म्हणून लिवा. आन् कागद देत न्हाईत, हेबी खाली लिवा की."

साहेबांचं पेन थांबलं. सरांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "सिस्टर, झेरॉक्स देऊन टाका."

त्यांचं मन बदलायच्या आत मी धावतच मशीनपाशी गेले. सोनोग्राफीत हरभऱ्याएवढी एक गाठ, बाकी सगळं ठीक. शेवटचं पान ऑपरेशनच्या संमतीचं होतं. सगळे रकाने कोरे, खाली बनाबाईंचा अंगठा.

"त्यो सलाईनचा कागद हाय म्हनले हुते," बनाबाई म्हणाल्या आणि कॉटवरून उतरून चपला शोधू लागल्या.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आणखी एक तपासणी केली आणि तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या. त्रास थांबला. इकडे आमच्या हॉस्पिटलची नोंदणीही झाली, शेरा 'समाधानकारक'.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "फलक लावायला सांगितला होता. लोकांना शिकवायला नाही."

"ती बारावी शिकलीय, सर. तिने स्वतः वाचला."

महिनाअखेरीस मी ती नोकरी सोडली. या सरांच्या हाताखाली कोऱ्या कागदावर आणखी किती अंगठे घ्यायचे?

गेल्या आठवड्यात सोनालीचा फोन आला. तिच्या गावातल्या दोघींना सरांनी ऑपरेशनची एकच तारीख दिली होती. दोघींचे कागद मिळावेत म्हणून ती त्यांच्या वतीने सरांना अर्ज लिहीत होती.

"सुरुवात कशी करू? नम्र विनंती लिवू?"

"विनंती नको," मी म्हणाले. "मागणी लिही."