बंदचालू बाईंचा जबाब

"वाचायचं काय त्यात? पाच ओळी तर आहेत. सही करा आणि मोकळ्या व्हा," साहेब म्हणाले.

बाईंनी कागद वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला, कारण साहेबांना घाई होती आणि घाईतल्या माणसाला जरा ताटकळत ठेवायला त्यांना आवडायचं. गेल्या बुधवारी रुग्णालयाच्या रक्तपेढीचा सर्व्हर बारा मिनिटं गोठला, ऑपरेशनच्या टेबलावरच्या एका रुग्णाला रक्त उशिरा मिळालं, आणि हे सगळं संगणक विभागातल्या ऑपरेटर बाई 'पर्यायी व्यवस्था न करता रजेवर गेल्यामुळे' घडलं, असं त्यात लिहिलं होतं.

"रजेच्या अर्जात मी स्पष्ट लिहिलं होतं. दुपारी दोनला सर्व्हर बंद करून चालू करावा. अर्जावर मंजुरीची सही तुमचीच आहे."

"अर्ज कोण एवढे वाचत बसतं, बाई? हे बघा, तो माणूस वाचलाय. कामात हलगर्जी, एवढंच लागेल. समज देतील, फार तर रेकॉर्ड रूमला बदली करतील. दोन वर्षं राहिलीत तुमची, बसा तिथे निवांत."

"हलगर्जी मी केलेली नाही. मी सही करणार नाही."

"मग तो गोठतो का ते तरी सांगा. प्रोग्रॅमवाली कंपनी म्हणते केबल खराब, तुम्ही म्हणता केबल बरी. पाचपर्यंत कारण आणा, नाही तर सही करा."

बाई कागद तिथेच ठेवून बाहेर आल्या. कारण त्यांना माहीत नव्हतं, हीच तर खरी चीड होती. तीन वर्षं रोज दुपारी दोनला त्या सर्व्हर बंद करत होत्या आणि चालू करत होत्या. सगळं रुग्णालय त्यांना बंदचालू बाई म्हणायचं. लिफ्टवालासुद्धा. पहिलं वर्षभर त्या हसल्या, पुढे त्यांनी लिफ्ट सोडली आणि जिना धरला. टायपिस्ट म्हणून लागलेल्या बाई स्वतःच्या हिमतीवर प्रोग्रॅम लिहायला शिकल्या होत्या, आणि एकतीस वर्षांच्या नोकरीचं नाव काय पडलं, तर हे.

आज त्यांनी ठरवलं, कारण दिसल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. रक्तपेढीत फोन करून सांगितलं, "आज वही आणि फोन हाताशी ठेवा. स्क्रीन अडकला तर थांबू नका, फोनवर कामं करा." मग खुर्ची ओढून बसल्या.

प्रकार साधा होता. वॉर्डातला संगणक रक्तपेढीच्या सर्व्हरला विचारतो, अमुक गटाच्या किती पिशव्या आहेत? त्यासाठी दोघांत एक लाइन जोडली जाते, फोन लावावा तशी. उत्तर मिळालं की वॉर्ड आपल्या बाजूने फोन ठेवतो. मग सर्व्हरनेही ठेवायचा. पण हा सर्व्हर काही वेळा रिसीव्हर कानाला लावून तसाच बसायचा. अशा पाचशे लाइनी तुंबल्या की नव्या माणसाचा फोन घ्यायला त्याच्याकडे जागाच उरत नसे.

एवढं बाईंना तीन वर्षं ठाऊक होतं. कुठल्या लाइनी तुंबतात आणि कुठल्या नाही, हे बघायला मात्र कधी उसंत मिळाली नव्हती. दोन वाजले की सगळं पुसून टाकायचं, आणि त्याबरोबर पुरावाही पुसला जायचा. आज त्यांनी तुंबलेली प्रत्येक लाइन कागदावर उतरवून घेतली. साडेबारापर्यंत दोनशे दहा झाल्या. त्यातल्या एकशे साठ एकाच ठिकाणच्या होत्या, तिसऱ्या मजल्यावरच्या सर्जरी वॉर्डातल्या.

बाई जिना चढून वर गेल्या. वॉर्डच्या सिस्टर त्यांना बघून म्हणाल्या, "आलात? बंदचालू व्हायला अजून वेळ आहे ना?"

"होणार नाही आज. सिस्टर, तुम्ही रक्ताचं कधी आणि कसं बघता, ते मला करून दाखवा."

सिस्टरनी गट टाकला, बटण दाबलं. पडद्यावर शून्य आलं. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा शून्य. न बघताच तिसऱ्यांदा दाबलं.

"एवढ्यांदा का दाबता?"

"शून्य दिसलं की आम्ही दाबतच राहतो. मिनिटा-दोन मिनिटांत एखादी पिशवी येते जमा. आणि शून्य बघून गप्प बसवत नाही हो. आत माणूस पडलेला असतो."

बाईंनी तिथूनच खाली विभागात फोन लावून पडद्यावरचा आकडा विचारला. सिस्टरनी तीनदा बटण दाबलं होतं, तुंबलेल्या लाइनी बरोबर तीनने वाढल्या होत्या. मग भरपूर साठा असलेला गट टाकून पाहिला. एकही वाढली नाही.

खाली उतरताना त्या जवळजवळ पळतच होत्या. साठा असेल तेव्हा फोन ठेवला जातो, शून्य असेल तेव्हा नाही. म्हणजे शून्य आल्यावर प्रोग्रॅम कुठेतरी आडवाटेला जातो. कंपनीला आता पकडते, असं म्हणत त्यांनी प्रोग्रॅम उघडला. साठा संपला तर शेजारच्या रुग्णालयाकडे चौकशी कर, अशा सात ओळी सापडल्या. चौकशी व्हायची, उत्तर जायचं, आणि वॉर्डाची लाइन बंद करायची ती एक ओळ तिथे नव्हतीच.

त्या सात ओळींच्या डोक्यावर आठ वर्षांपूर्वीची तारीख होती आणि लिहिणाऱ्याची आद्याक्षरं होती. ती बाईंची स्वतःची होती.

त्यांना आठवलं. रक्तपेढीने फार गळ घातली होती म्हणून एका दुपारी लिहून दिल्या होत्या. तेव्हा शून्य क्वचितच यायचं, काही जाणवलं नाही. गेल्या तीन वर्षांत रक्तदाते आटले, शून्य रोजचं झालं. बाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. "काय झालं सहीचं?"

"कारण सापडलं. माझीच चूक आहे."

"मग आता कर ना सही. विषय संपला."

"कसा संपेल? त्यात लिहिलंय मी कामाकडे पाठ फिरवून गेले. तसं मी केलेलं नाही. जे केलं ते वेगळंच आहे."

"तू ना, एकदा हट्टाला पेटलीस की ऐकत नाहीस. बघ बाई तुझं तू. जेवलीस का?"

त्या जेवल्या नव्हत्या. नसलेली ओळ लिहिली, रक्तपेढीला विचारून सर्व्हर एकदा बंदचालू केला, आणि सिस्टरना सांगितलं, दाबा आता हवं तेवढं. सिस्टरनी चाळीसदा दाबलं. एकही लाइन तुंबली नाही.

साहेबांनी सगळं ऐकलं आणि दार लावून घेतलं. "हे तुमच्या-माझ्यातच राहू द्या. प्रोग्रॅम कंपनीचा आहे, खपून जाईल."

"सात ओळी माझ्या आहेत."

"बाई, जरा डोकं वापरा. हलगर्जीला समज मिळते. हे लिहून दिलंत तर चौकशी लागेल. निवृत्तीपर्यंत चालेल ती."

"चालू दे. तीन वर्षं मी कारण शोधू द्या म्हणत होते, मला वेळ दिला नाहीत, तेही लिहिते. रजेचा अर्ज जोडते. माझं ते माझ्या नावावर, तुमचं ते तुमच्या."

साहेबांचा चेहरा उतरला. बाईंनी दीड पानी जबाब लिहिला, आवक-जावकमध्ये दिला, पोच घेतली, आणि जिना चढून परत तिसऱ्या मजल्यावर गेल्या.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर त्या रुग्णाची बायको बसली होती. पायाशी थर्मास, मांडीवर औषधांच्या चिठ्ठ्या. बाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"गेल्या बुधवारी तुमच्या मिस्टरांना रक्त उशिरा मिळालं. यंत्रात एक चूक होती, ती माझ्या हातची होती. आज दुरुस्त केली."

तिने मान वर केली. "अजून नीट ओळखत नाहीत ते मला," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, हळूहळू होईल. आम्हाला तर सांगितलं, केबल खराब होती."

"केबल खराब नव्हती."

"नाव काय तुमचं?"

बाईंनी पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मग हुद्दा आणि विभाग.

"मी तक्रार करणार आहे," ती म्हणाली. एक चिठ्ठी उलटी करून ती पाठीमागे लिहू लागली. पेन उमटेना. तिने ते झटकलं, पुन्हा ओढून पाहिलं.

बाईंनी आपलं पेन काढून तिच्या हातात दिलं आणि ती लिहून संपवेपर्यंत समोर उभ्या राहिल्या.